डी. ओ. विद्यार्थी आणि मेडिसिनची निवासी जागा

वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी हाती आली म्हणजे विद्यार्थी डॉक्टर झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेपुरते बोलावयाचे तर ही समजूत निम्मीच खरी आहे. तेथे चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या तरुणाला नावाआधी डॉक्टर लावता येते, परंतु स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याचा परवाना नुसत्या पदवीवर मिळत नाही. त्यासाठी एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयात निवासी वैद्य म्हणून निदान एक वर्ष, आणि कित्येक राज्यांत त्याहून अधिक काळ, काम करावे लागते. विशेषज्ञ व्हावयाचे असेल तर त्या शाखेचा निवासी शिक्षणक्रम संपूर्ण करावा लागतो. आपल्याकडे ज्याला जनरल मेडिसिन म्हणतात त्या इंटर्नल मेडिसिन शाखेचा हा शिक्षणक्रम तीन वर्षांचा असतो. शिक्षणासाठी दोन लाख डॉलरांहून अधिक कर्ज काढलेले कित्येक विद्यार्थी तेथे आढळतात. अशा विद्यार्थ्याला निवासी जागा मिळाली नाही, तर पदवी आहे, कर्ज आहे, पण व्यवसाय नाही, अशी त्याची स्थिती होते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मार्च महिन्यात लागणारा जागावाटपाचा निकाल हा पदवीपरीक्षेच्या निकालापेक्षाही मोठा मानला जातो.

मराठी घरांशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. १९६५ साली अमेरिकेने परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला. त्यानंतर मुंबई, पुणे, नागपूर, बडोदे, हैदराबाद येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले अनेक डॉक्टर तिकडे गेले, आणि त्यांतील पुष्कळांनी मेडिसिन हीच शाखा पत्करली. तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील काही मुले आज एम्. डी. ऐवजी डी. ओ. ही पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत शिकतात. नात डी. ओ. होणार असे पत्र आले, की इकडे आजीआजोबांना प्रश्न पडतो : ही हाडे बसविणाऱ्यांची विद्या तर नव्हे? आणि या पदवीवर मुलीला चांगल्या रुग्णालयात जागा मिळेल काय? या दोन्ही प्रश्नांना नेमकी उत्तरे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ऑस्टिओपॅथी या पद्धतीचा प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल हा १८२८ साली व्हर्जिनियात जन्मलेला डॉक्टर. १८६४ साली मस्तिष्कावरणाच्या दाहाने त्याची तीन मुले दगावली आणि तत्कालीन औषधोपचारांवरचा त्याचा विश्वास उडाला. ते औषधोपचार म्हणजे पारा, अफू आणि रक्त काढणे, असा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा संताप समजू शकतो. अस्थी, स्नायू आणि सांधे यांची रचना सुस्थितीत असेल तर शरीर स्वतःच रोगाचा प्रतिकार करते, असे मत त्याने १८७४ मध्ये मांडले आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी आपले विद्यालय काढले. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर याने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची जी प्रसिद्ध पाहणी केली, तिच्यात या पंथाच्या विद्यालयांवर कडक टीका होती.

पुढील काळात या विद्यालयांनी आपला अभ्यासक्रम बदलला. औषधविज्ञान, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र हे सारे विषय त्यात आले, आणि हस्तोपचार हा त्या अभ्यासक्रमाचा केवळ एक भाग उरला. तरीही मान्यता सावकाश मिळाली. कॅलिफोर्नियात १९६१-६२ च्या सुमारास दोन्ही पंथांचे विलीनीकरण झाले, तेव्हा तेथील डी. ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर भरून एम्. डी. ही पदवी घेता आली. काल अपात्र असलेला डॉक्टर आज पासष्ट डॉलरांनी पात्र कसा झाला, हा प्रश्न त्या वेळी साहजिकच विचारला गेला. भेद विद्येचा कमी आणि नावाचा अधिक होता, हेच त्या घटनेने उघड केले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने डी. ओ. डॉक्टरांना सैन्यात वैद्य म्हणून घेण्यास मान्यता दिली, आणि १९७३ पर्यंत पन्नासही राज्यांनी त्यांना संपूर्ण वैद्यकीय व्यवसायाचा हक्क दिला. आज अमेरिकेत वैद्यक शिकणाऱ्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक विद्यार्थी डी. ओ. महाविद्यालयांत आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांचे २०२० मधील वैद्य शॉन कॉन्ली आणि नंतर राष्ट्राध्यक्ष बायडन यांचे वैद्य केव्हिन ओकॉनर हे दोघेही डी. ओ. होते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणून जो ओळखला जातो तो हस्तोपचार करणारा व्यावसायिक असतो, वैद्यकीय पदवीधर नव्हे. अमेरिकेतील डी. ओ. हा संपूर्ण अर्थाने डॉक्टर आहे. नावाच्या साम्याने या दोहोंची गल्लत करू नये.

दुसरा प्रश्न जागेचा. तो समजण्यासाठी अमेरिकेतील जागावाटपाची पद्धत, जिला तेथे मॅच म्हणतात, ती समजून घेतली पाहिजे. भारतात पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतात. ज्याचा क्रमांक वर, तो आधी जागा निवडतो. अमेरिकेत अशी एकच एक गुणवत्तायादी नाही. तेथे विद्यार्थी रुग्णालयांची पसंती लावतात आणि रुग्णालये विद्यार्थ्यांची, व या दोन्ही याद्यांचा मेळ गणकयंत्र घालते.

ही पद्धत निघाली ती एका गोंधळातून. १९४० च्या दशकात जागा अधिक व विद्यार्थी थोडे, अशी परिस्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नये म्हणून रुग्णालये अधिकाधिक लवकर नेमणुका देऊ लागली. पदवीला दोन दोन वर्षे असतानाच विद्यार्थी बांधला जाऊ लागला. यावर महाविद्यालयांनी निर्बंध घातले, तेव्हा रुग्णालयांनी तारेने देकार पाठवून काही तासांत होकार वा नकार कळविण्याची सक्ती सुरू केली. अखेर १९५२ साली मध्यवर्ती वाटपाची योजना अमलात आली. अशा वाटपाचे गणिती विवेचन डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये एका निबंधात केले. जुनी योजना रुग्णालयांच्या पसंतीला झुकते माप देते, असे ॲल्विन रॉथ यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यांनी सुधारलेली, विद्यार्थ्यांच्या पसंतीपासून आरंभ करणारी पद्धत १९९८ पासून लागू झाली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचे मर्म एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, अ, ब आणि क हे तीन विद्यार्थी आहेत आणि प, फ व म या तीन रुग्णालयांत एकेक जागा आहे. अ आणि ब या दोघांनीही प ला पहिली व फ ला दुसरी पसंती दिली आहे. क ची पहिली पसंती फ आणि दुसरी म अशी आहे. यंत्र प्रथम अ ला प कडे नेते. जागा रिकामी असल्यामुळे प त्याला तात्पुरता ठेवून घेते. क फ कडे जातो आणि तेथे तात्पुरता राहतो. मग ब हा प कडे येतो. प च्या यादीत ब चे नाव अ च्या वर असेल तर अ बाहेर पडतो आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, फ कडे, जातो. फ च्या यादीत अ हा क च्या वर असेल तर आता क ला ती जागा सोडावी लागते व तो म कडे जातो. म च्या यादीत त्याचे नाव असल्यास तो तेथे स्थिर होतो. कोणाचीही जागा अखेरपर्यंत पक्की नसते, आणि सर्व फेऱ्या संपल्यावरच ती पक्की होते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, अ ने आवाक्याबाहेरच्या प ला पहिली पसंती दिली म्हणून त्याचे काहीही नुकसान झाले नाही. तेथे नाकारला गेल्यावर फ कडे त्याचा हक्क जसाच्या तसा राहिला. म्हणून पसंतिक्रम लावताना आपल्याला कोण घेईल याचा अंदाज बांधीत बसू नये, आपल्याला मनापासून कोठे जावयाचे आहे तेच लिहावे, हा नियम डी. ओ. विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. दुसरी गोष्ट अशी, की रुग्णालयाच्या यादीत नावच नसेल तर यंत्र काही करू शकत नाही. आणि मुलाखतीला न बोलावलेल्याचे नाव त्या यादीत सहसा येत नाही. सारा प्रश्न अशा रीतीने मुलाखतीच्या निमंत्रणापाशी येऊन ठेपतो. यंत्राला एम्. डी. आणि डी. ओ. हा भेद कळत नाही. भेद होत असेल तर तो यंत्रापर्यंत यादी पोहोचण्यापूर्वीच, मुलाखतींची निवड करणाऱ्यांच्या मेजावर होतो.

पूर्वी डी. ओ. पदवीधरांसाठी वेगळे शिक्षणक्रम आणि वेगळे वाटप होते. २०१४ मध्ये झालेल्या करारानुसार दोन्ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने एकत्र आल्या आणि २०२० च्या जूनअखेर हे एकीकरण पूर्ण झाले. डी. ओ. विद्यार्थ्यांची राखीव वाट त्यामुळे नाहीशी होईल आणि मोठ्या स्पर्धेत ते मागे पडतील, अशी भीती त्या वेळी अनेकांना वाटत होती. आकडे निराळेच सांगतात. २०२० मध्ये वाटपात उतरलेल्या शेवटच्या वर्षाच्या डी. ओ. विद्यार्थ्यांपैकी ९०.७ टक्के विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाची जागा मिळाली. हे प्रमाण २०२४ मध्ये ९२.३ आणि २०२५ मध्ये ९२.६ टक्क्यांवर गेले. अमेरिकी एम्. डी. महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०२५ मध्ये ९३.५ टक्के होते. म्हणजे दोहोंतील अंतर एका टक्क्याच्या आत आले. याच वर्षी परदेशांत शिकून आलेल्या, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या डॉक्टरांचे प्रमाण ५८ टक्के होते. भारतातून एम्. बी. बी. एस्. होऊन जाणाऱ्यांची गणना याच गटात होते, हे येथे लक्षात घ्यावे.

परंतु आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. हे प्रमाण सर्व शाखा मिळून आहे. ज्याने त्वचारोग किंवा अस्थिशल्य यांसारखी दुर्मिळ शाखा मागितली त्याचे भवितव्य आणि ज्याने मेडिसिन मागितले त्याचे भवितव्य सारखे नसते. मेडिसिनची बाजू विद्यार्थ्याला अनुकूल आहे. २०२५ मध्ये प्रथम वर्षाच्या एकंदर ४०,०४१ जागा वाटपात होत्या, आणि त्यांपैकी दहा हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा, एकट्या इंटर्नल मेडिसिनच्या होत्या. कोणत्याही अन्य शाखेत इतक्या जागा नाहीत. अमेरिकी एम्. डी. महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्यांतील निम्म्याहूनही कमी जागा भरतात. उरलेल्या जागांवर डी. ओ. आणि परदेशी पदवीधर येतात. डी. ओ. विद्यार्थी ज्या शाखांत मोठ्या संख्येने जातात, त्यांत मेडिसिन अग्रभागी आहे. तेव्हा ज्याच्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या आहेत, ज्याचे रुग्णालयातील काम समाधानकारक आहे आणि ज्याने अर्ज विवेकाने केले आहेत, अशा डी. ओ. विद्यार्थ्याला मेडिसिनची जागा मिळण्याचा संभव फार मोठा आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

मग चिंता कशाची? चिंता जागा मिळण्याची तितकी नसून कोणती जागा मिळेल याची असते. मेडिसिनचे सर्व शिक्षणक्रम एका तोलाचे नाहीत. एका टोकाला मोठ्या विद्यापीठांची नामांकित रुग्णालये आहेत. तेथे संशोधन चालते, आणि हृदयविकार, पचनसंस्थेचे विकार, कर्करोग यांचे पुढील शिक्षण त्याच छताखाली मिळते. दुसऱ्या टोकाला लहान शहरांतील सामुदायिक रुग्णालये आहेत. तेथे रुग्णसेवेचा अनुभव भरपूर मिळतो, परंतु संशोधनाची सोय बेताची असते. पहिल्या प्रकारच्या काही संस्था डी. ओ. विद्यार्थ्यांना फारच क्वचित मुलाखतीला बोलावतात. दुसऱ्या प्रकारच्या संस्थांत, आणि या दोहोंच्या मधल्या पुष्कळ संस्थांत, त्यांचे मनापासून स्वागत होते. ज्याला पुढे हृदयविकारतज्ज्ञ व्हावयाचे आहे, त्याला हा फरक तीन वर्षांनंतर जाणवतो, कारण त्या वेळी पुन्हा एकदा वाटपाला सामोरे जावे लागते. ज्याला सर्वसाधारण मेडिसिनचाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक पुष्कळच गौण ठरतो.

डी. ओ. विद्यार्थ्यापुढे परीक्षांचाही एक पेच असतो. त्यांची स्वतःची परवाना-परीक्षा आहे. तिला कॉम्लेक्स म्हणतात. परवान्यासाठी ती पुरेशी आहे. एम्. डी. विद्यार्थ्यांची परीक्षा मात्र निराळी, तिचे नाव यू. एस्. एम्. एल्. ई. दोन्ही परीक्षांच्या गुणांची मापे भिन्न असल्यामुळे निवड करणाऱ्याला तुलना करणे अवघड जाते. म्हणून अनेक डी. ओ. विद्यार्थी दुप्पट श्रम आणि दुप्पट शुल्क सोसून दोन्ही परीक्षांना बसतात. २०२२ पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या भागाचे गुण देणे बंद झाले आणि केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या गुणांना पूर्वीपेक्षा अधिक वजन आले. सामुदायिक रुग्णालयांतील मेडिसिनच्या पुष्कळ जागांसाठी कॉम्लेक्सवर भागते. विद्यापीठीय रुग्णालयांचा रोख असेल तर दुसऱ्या परीक्षेचे गुण हाती असलेले बरे. तथापि तयारी नसताना दोन्हींना बसून एकीत अनुत्तीर्ण होणे हे एकच परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होण्यापेक्षा केव्हाही अधिक हानिकारक आहे.

दुसरी अडचण शिक्षणाच्या जागेची. पुष्कळ डी. ओ. महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नसते. त्यांचे विद्यार्थी तिसऱ्या व चौथ्या वर्षी निरनिराळ्या गावांतील रुग्णालयांत पाठविले जातात. त्यामुळे ज्यांच्या शिफारशीला वजन आहे अशा वरिष्ठांचा सहवास त्यांना कमी लाभतो. यावर उपाय म्हणजे चौथ्या वर्षाच्या आरंभी, ज्या रुग्णालयात जागा हवी तेथेच महिनाभर काम करण्याची परवानगी मिळविणे. महिनाभर रोज सकाळी वेळेवर हजर राहणारा, रुग्णाची हकीकत नीट सांगणारा आणि परिचारिकांशी आदराने वागणारा विद्यार्थी डी. ओ. आहे की एम्. डी., याचा विसर वरिष्ठांना लौकरच पडतो. त्या महिन्याच्या अखेरीस मिळणारे शिफारसपत्र कित्येकदा परीक्षेच्या गुणांहून मोलाचे ठरते.

अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, मुलाखती साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारीपर्यंत चालतात, आणि त्यानंतर पसंतियादी भरली जाते. ही यादी किती लांब असावी, हा नेहमीचा प्रश्न आहे. जितक्या अधिक संस्थांची नावे यादीत, तितका जागा मिळण्याचा संभव अधिक, असा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. मेडिसिनसाठी दहा-बारा संस्थांच्या मुलाखती झालेल्या विद्यार्थ्याने काळजी करण्याचे सहसा कारण नसते. मुलाखती चार-पाचच झाल्या असतील तर सावध राहावे. ज्या संस्थेत जाण्यापेक्षा जागा न मिळालेली पत्करेल, असे वाटत असेल, तेवढीच यादीतून वगळावी. बाकी कोणतीही वगळू नये. कारण निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो, आणि लागल्यानंतर घासाघीस करता येत नाही. अर्ज कोठे करावे, याचाही विचार हवा. संस्थेत सध्या काम करणाऱ्या निवासी वैद्यांची नावे व पदव्या बहुतेक ठिकाणी प्रसिद्ध केलेल्या असतात. त्यांत गेल्या काही वर्षांत एकही डी. ओ. नसेल तर तेथील अर्जाचे शुल्क बहुधा वाया जाईल, हे ओळखावे. अनेक असतील तर ते दार उघडे आहे असे समजावे.

मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी विद्यार्थ्याला जागा मिळाली किंवा नाही एवढेच कळते. कोठे मिळाली ते शुक्रवारी जाहीर होते. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी मधल्या दिवसांत उरलेल्या जागांचे पूरक वाटप होते. ही पूरक व्यवस्था २०१२ पासून नियमबद्ध झाली. तीपूर्वी दूरध्वनीवरून नुसती धावपळ चाले. वर दिलेल्या टक्केवारीत या पूरक वाटपातील यशाची गणना नाही. तरीही शंभरांतील सात-आठ विद्यार्थ्यांना पहिल्या वाटपात जागा मिळत नाही, ही गोष्ट उरतेच. त्यांच्यापैकी पुष्कळांचे कारण पदवी हे नसून परीक्षेतील अपयश, अतिशय मोजके अर्ज किंवा कुवतीबाहेरची शाखा हे असते. अशा विद्यार्थ्याचे एक वर्ष जाते, कर्जावरचे व्याज चढते, आणि पुढील वर्षी त्याच्या अर्जाकडे अधिक संशयाने पाहिले जाते. म्हणून पहिल्या खेपेसच सावधपणे पावले टाकणे श्रेयस्कर.

सारांश, डी. ओ. होऊ घातलेल्या नातीच्या आजीआजोबांनी मनात किंतू ठेवू नये. ती संपूर्ण डॉक्टर होईल, आणि मेडिसिनची जागा तिला बहुतेक मिळेल. काही नामांकित दारांवर तिला अधिक वेळ थांबावे लागेल, आणि काही दारे तिच्यासाठी उघडणारही नाहीत. हा अन्याय पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मानाने फार थोडा उरला आहे, परंतु तो समूळ गेला आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. निवासी शिक्षण संपवून ती रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहील तेव्हा रुग्ण तिला पदवीची अक्षरे विचारणार नाही. आपले दुखणे या डॉक्टरला समजले की नाही, एवढेच तो पाहील. ते समजण्याची विद्या दोन्ही महाविद्यालयांत सारखीच शिकविली जाते, आणि ती आत्मसात करणे हे शिकणाऱ्याच्याच हाती असते.